आदिवासींचा इतिहास छायाचित्रांतून : फिरत्या प्रदर्शनाचा विचार

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला वसलेले हिंजवडी हे गाव आज माहिती-तंत्रज्ञान उद्योगाचे केंद्र म्हणून देशभर ओळखले जाते. हे उद्योगक्षेत्र उभे राहण्यापूर्वी ते भातशेतीचे व जिराईत जमिनीचे गाव होते. चैत्री पौर्णिमेच्या म्हातोबाच्या बगाडामुळे पंचक्रोशीत त्याची ख्याती होती आणि ती आजही टिकून आहे. याच तालुक्यात, पौड ओलांडून ताम्हिणी घाटाच्या दिशेने गेले की डोंगरउतारावर कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. हिंजवडीतील शाळेत शिकणाऱ्या मुलास परदेशातील शहरांची चित्रे परिचित असतात. परंतु आपल्याच तालुक्यातील कातकरी कुटुंब कोठे राहते, त्याचे पूर्वज कोणता उद्योग करीत होते आणि तो उद्योग का बुडाला, हे त्याला सांगणारे साधन सहसा त्याच्यासमोर येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे एक सोपे, कमी खर्चाचे व परिणामकारक साधन म्हणजे छायाचित्रांचे फिरते प्रदर्शन होय. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीसही ते समजते, शाळेच्या पडवीत ते मांडता येते आणि एका जीपमधून ते गावोगाव नेता येते. मात्र आदिवासी समाजाचा इतिहास छायाचित्रांतून दाखवावयाचा तर एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. या समाजाची छायाचित्रे गेल्या दीडशे वर्षांत भरपूर काढली गेली. पण त्यांतील बहुतेकांखाली माणसाचे नाव लिहिले गेले नाही. फिरत्या प्रदर्शनाचे यश या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

चेहरे होते, नावे नव्हती

छायाचित्रणकलेची घोषणा युरोपात १८३९ साली झाली आणि अल्पावधीतच ती मुंबईत येऊन पोहोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. मुंबईतील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याने पश्चिम भारतातील जातीजमातींविषयीचा सचित्र ग्रंथ दोन खंडांत, १८६३ व १८६६ साली, प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांचे चित्र एका ठिकाणी घ्यावयाचे, त्यांच्या आकृती कापून काढावयाच्या आणि दुसऱ्याच जागी घेतलेल्या देखाव्यावर त्या चिकटवावयाच्या, अशी ती पद्धत होती. पाहणाऱ्यास वाटावे की ही माणसे त्या जागीच उभी आहेत. प्रत्यक्षात त्यांचा त्या भूमीशी संबंध असेलच असे नव्हते.

यानंतर सरकारच्या पुढाकाराने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना येथील लोकसमूहांची माहिती हवी होती. त्या गरजेशी या कामाचा निकटचा संबंध होता. प्रत्येक चित्रासोबत त्या समूहाच्या स्वभावाविषयी व राजनिष्ठेविषयी शेरे मारलेले आढळतात. चित्रातील व्यक्ती बहुधा ‘नमुना’ म्हणून आली आहे. ती कोणाची मुलगी, कोणाचा पिता, कोणत्या पाड्याची रहिवासी, याला त्या ग्रंथात महत्त्व नव्हते. शासनाला जमात ओळखावयाची होती. माणूस ओळखण्याची आवश्यकता त्यास भासली नाही.

ही पद्धत राज्यकर्त्यांबरोबर गेली नाही. ‘पारंपरिक वेषातील आदिवासी’, ‘नृत्यात रमलेल्या आदिवासी स्त्रिया’ अशा ओळी स्वातंत्र्यानंतरच्या दिनदर्शिकांत व पुस्तिकांतही सर्रास दिसतात. शहरातील एखाद्या सभेचे छायाचित्र छापताना डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे देण्याचा प्रघात आहे. आदिवासी पाड्यावरील चित्राखाली मात्र जमातीचे नाव पुरेसे मानले जाते. नाव नसलेले चित्र शोभेचे होते. नाव, गाव व साल मिळाले की तेच चित्र इतिहासाचा कागद बनते.

ऑस्ट्रेलियातील अनुभव

या बाबतीत ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे ब्रिटिशांची वसाहत १७८८ साली सुरू झाली. पुढे जे. डब्ल्यू. लिंट या छायाचित्रकाराने १८७० नंतरच्या दशकात ग्राफ्टन या गावी आपल्या चित्रगृहात स्थानिक आदिवासींची छायाचित्रे घेतली. पाठीमागे रंगविलेला पडदा, पुढे मांडून ठेवलेली झाडेझुडपे व शस्त्रे आणि मध्ये बसविलेली माणसे, अशी ती मांडणी होती. चित्रे लोकप्रिय झाली, विकली गेली. माणसे निनावी राहिली.

१९३८-३९ साली नॉर्मन टिंडेल व जोसेफ बर्डसेल या अभ्यासकांनी त्या देशातील आदिवासी वसाहतींची मोठी पाहणी केली. छायाचित्र घेताना प्रत्येक व्यक्तीस क्रमांक देण्यात आला. उद्देश शरीरमापनाचा होता. परंतु टिंडेल यांनी त्यासोबत कुटुंबांच्या वंशावळीही लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यामुळे या संग्रहाचे भवितव्य पालटले. सरकारी धोरणामुळे असंख्य आदिवासी मुले आईबापांपासून तोडली गेली होती, अनेक कुटुंबे दूरच्या वसाहतींत हलविली गेली होती. त्यांच्या वंशजांना या नोंदींतून आपले आजोबा, पणजी व मूळ भूमी यांचा शोध लागू लागला. १९९३ साली तेथे आदिवासींच्या पारंपरिक भूमिहक्काचा कायदा झाल्यावर अशा वंशावळींना कायदेशीर महत्त्वही आले. व्हर्नन आह की या चित्रकाराने आपल्या पूर्वजांची या संग्रहातील छायाचित्रे आधाराला घेऊन मोठ्या आकाराची व्यक्तिचित्रे रेखाटली. क्रमांक लावलेला चेहरा असा पुन्हा कुटुंबात परत आला.

वसाहतीस दोनशे वर्षे झाली त्या सुमारास, १९८८ साली, ‘आफ्टर २०० इयर्स’ हा छायाचित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठी छायाचित्रकार आदिवासी वस्त्यांत जाऊन राहिले आणि कोणती चित्रे प्रसिद्ध करावयाची या निर्णयात त्या वस्तीतील लोकांना सहभागी करून घेण्यात आले. स्वयंपाक, शाळा, मासेमारी, खेळ, अंत्यविधीस जमलेले आप्त असे रोजचे जीवन त्यात आले. तेथील अनेक समूहांत मृत व्यक्तीचे नाव उच्चारणे किंवा चित्र दाखविणे निषिद्ध मानले जाते. त्यामुळे संग्रहालये व प्रदर्शने प्रारंभीच तशी सूचना लावतात. चित्र कोणी काढले यापेक्षा ते कोणाचे आहे, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरला.

महाराष्ट्रातील साधने

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाख १० हजारांहून अधिक, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सुमारे ९.३५ टक्के आहे. राज्याच्या यादीतील जमातींपैकी कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणल्या जातात. त्यांतील कातकरी पुणे जिल्ह्यात मुळशी, मावळ, भोर या भागांत आढळतात. महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती प्रामुख्याने जुन्नर, आंबेगाव व खेड तालुक्यांच्या पश्चिम भागात आहे.

अशा प्रदर्शनास आधार देऊ शकेल अशी पहिली संस्था पुण्यातच आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय व ग्रंथालय अभ्यासकांना परिचित आहे. शेतीची व शिकारीची अवजारे, दागिने, वाद्ये, मुखवटे यांचा संग्रह तेथे पाहावयास मिळतो. या संस्थेचे संचालकपद भूषविलेले डॉ. गोविंद गारे हे स्वतः जुन्नर तालुक्यातील महादेव कोळी समाजात जन्मले होते. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ यासारख्या त्यांच्या ग्रंथांमुळे आदिवासींविषयी लिहिणारा व आदिवासी यांतील अंतर कमी झाले. चित्रप्रदर्शनाच्या बाबतीतही हाच मार्ग अनुसरणे योग्य ठरेल.

देशाच्या इतर भागांतही मोठे संग्रह निर्माण झाले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने १९४० नंतर तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात राजगोंडांमध्ये राहून छायाचित्रे घेतली. आज महाराष्ट्रात असलेले किनवट व राजुरा हे भाग १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. सुनील जाना यांनी त्याच सुमारास देशातील अनेक आदिवासी प्रदेश कॅमेऱ्यात टिपले. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये चित्रे नसली तरी ठाणे (१८८२) व पुणे (१८८५) या खंडांतील वर्णने चित्राखालील मजकुरास उपयोगी पडतात. फक्त त्यांतील तुच्छतादर्शक शेरे जसेच्या तसे उतरवू नयेत. परंतु सर्वांत मोलाचा संग्रह पाड्यांवरच आहे. आश्रमशाळेतील वर्गाचे चित्र, लग्नातील फोटो, रेशनकार्डासाठी किंवा ओळखपत्रासाठी काढलेले छोटे चित्र, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला आजोबांचा एकमेव फोटो, हे सर्व या इतिहासाचे साहित्य आहे.

प्रदर्शनात काय असावे

आदिवासी म्हणजे नृत्य, दागिने व भित्तिचित्रे एवढेच चित्र लोकांच्या मनात आहे. कलेचा भाग प्रदर्शनात असावाच. वारली चित्रकलेस जगभर पोहोचविणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. येथे नाव आहे आणि म्हणूनच ती कला ‘लोककला’ या मोघम शब्दात न विरता एका कलावंताची ठरली. परंतु श्रम, जमीन, स्थलांतर व संघर्ष यांची चित्रे नसतील तर इतिहास अपुरा राहील.

कातकऱ्यांचेच उदाहरण घ्यावे. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे करून ते मडक्यांत उकळावयाचे, पाणी आटवून घट्ट करावयाचे व वाळवून काताच्या वड्या पाडावयाच्या, हा त्यांचा पिढीजात उद्योग. जमातीचे नावही त्यावरून पडले. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावरील सरकारी नियंत्रण वाढले, खैर तोडणे अवघड झाले आणि हा उद्योग हातचा गेला. त्यानंतर कोळसा पाडणे, शेतमजुरी व वीटभट्टी हे पोटाचे मार्ग झाले. खैराचे झाड, काताची वडी, कोळशाची भट्टी व वीटभट्टीवरील कुटुंब अशी चार चित्रे क्रमाने लावली आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या, तर ‘कातकरी एका जागी का राहत नाहीत’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर पाहणाऱ्यास आपोआप मिळेल.

महादेव कोळ्यांच्या इतिहासात राघोजी भांगरे यांचा उठाव येतो. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मुंबईत छायाचित्रण रुजण्यापूर्वीचा हा काळ आहे. अशा ठिकाणी कल्पनेने काढलेले चित्र लावल्यास ते कल्पनाचित्र असल्याचे स्पष्ट लिहावे आणि त्यासोबत प्रत्यक्ष स्थळांची छायाचित्रे द्यावीत. हिरडा गोळा करणाऱ्या स्त्रिया आणि डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेलेले जुने आंबेगाव हेही या समाजाच्या इतिहासाचेच भाग आहेत.

ठाणे जिल्ह्याच्या, आता पालघर जिल्ह्याच्या, भागातील वारल्यांनी २३ मे १९४५ रोजी झरी येथे जमून वेठबिगारीस नकार दिला. कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकास ज्ञात आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. त्यांची नावे फलकावर ठळक अक्षरांत असावीत.

मुळशी तालुक्यात प्रदर्शन नेताना मुळशी सत्याग्रहाचा उल्लेख अपरिहार्य आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेल्या या लढ्याचे नेतृत्व सेनापती बापट यांनी केले. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली, गावे बुडाली. बुडालेल्या जमिनीचा हिशेब कागदोपत्री राहतो. परंतु ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या बांधावर झोपडी बांधून राहत होता, त्याचे विस्थापन कोणत्या कागदात शोधावयाचे? तेथे वृद्धांच्या आठवणी व घरातील छायाचित्रे हाच पुरावा उरतो.

नाव, गाव, साल आणि संमती

प्रत्येक चित्राखाली पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात : व्यक्तीचे नाव, वाडी किंवा पाडा, साल, छायाचित्र कोणी घेतले आणि माहिती कोणी सांगितली. साल नक्की ठाऊक नसेल तर ‘धाकट्या मुलीच्या जन्माच्या वर्षी’ असे सांगणाऱ्याच्या शब्दांत नोंदवावे; अंदाजाने आकडा घालू नये. जुन्या संग्रहातील निनावी चित्र लावल्यास त्याखाली मोकळी जागा सोडावी व ‘यांना कोणी ओळखता काय?’ असा प्रश्न लिहावा. प्रदर्शन जसजसे फिरेल तसतशा या जागा भरत जातील. फिरत्या प्रदर्शनाचा हाच सर्वांत मोठा लाभ आहे. संग्रहालयातील चित्राकडे लोकांना जावे लागते. येथे चित्र आपल्या लोकांकडे जाते.

घरातील मूळ छायाचित्र कधीही ताब्यात घेऊ नये. त्याची प्रत मालकाच्या समोर, दारातच काढावी व मूळ चित्र लगेच परत करावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही हे काम चांगले होते. काढलेल्या प्रतीचा एक छापील संच त्या कुटुंबास द्यावा. संमती घेताना चित्र कोठे लावले जाईल हे त्यांच्या बोलीत समजावून सांगावे आणि पुढे कधीही ते काढून घेण्याचा त्यांचा हक्क मान्य करावा. मृत व्यक्तीचे चित्र, देवकार्याचे चित्र, अपुऱ्या वस्त्रांतील स्त्रियांची व मुलांची जुनी चित्रे यांबाबत समाजातील वडीलधाऱ्यांचा व स्त्रियांचा शब्द अखेरचा मानावा. शंभर वर्षांपूर्वी परवानगीशिवाय घेतलेले चित्र केवळ जुने आहे म्हणून भिंतीवर लावण्यास योग्य ठरत नाही.

ग्रामपंचायत व शाळांचे कार्य

प्रदर्शनाचा आटोपशीर संच पंचवीस-तीस फलकांचा असावा. काच टाळून हलक्या, घडी होणाऱ्या चौकटी वापराव्यात. अक्षरे मोठी व मराठी सोपी असावी. काही फलक लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावेत. शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, आठवड्याचा बाजार व यात्रा या त्याच्या जागा होत. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन व १५ नोव्हेंबरचा जनजातीय गौरव दिन हे सोयीचे मुहूर्त आहेत. पुणे जिल्ह्यातील आदिवासी योजनांचे काम घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालते. शाळांनी व ग्रामपंचायतींनी त्या कार्यालयाशी संपर्क साधावा. प्रदर्शनाजवळ माहिती सांगण्यासाठी त्या वाडीतीलच तरुण किंवा वृद्ध स्त्रीपुरुष असावेत आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळावी.

शिक्षकांनी मुलांकडून दोन प्रकारची कामे करवून घ्यावीत. एक, चित्र पाहून ‘काय दिसते’ व ‘काय दिसत नाही’ असे दोन रकाने भरावयास सांगावे. दुसरे, आपल्या घरातील सर्वांत जुन्या छायाचित्राची वरील पाच मुद्द्यांनुसार नोंद करावयास लावावे. हिंजवडीसारख्या गावात निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले एका वर्गात बसतात. स्थलांतराचा इतिहास केवळ कातकऱ्यांचा नाही, तो आपल्याही घरात आहे, हे त्यांना या कामातून उमजेल.

वनहक्क आणि गावठाण

या नोंदींचा एक व्यावहारिक उपयोग ग्रामपंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या वा ती कसणाऱ्या आदिवासींना हक्क मागता येतो व दावा ग्रामसभेपुढे येतो. नियमांत पुरावा म्हणून शासकीय अभिलेखांसोबत घरे व झोपड्या, बांध, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वृद्धांचे लेखी निवेदन यांचाही उल्लेख आहे. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावयाचे असतात. केवळ एका छायाचित्रावर दावा सिद्ध होत नाही. परंतु विहिरीजवळ उभ्या असलेल्या कुटुंबाच्या जुन्या चित्राखाली नाव, जागा व साल नोंदलेले असेल, तर वृद्धांच्या निवेदनास ते बळकटी देते. खासगी जमिनीवर वसलेल्या कातकरी वाड्यांना हा कायदा लागू होत नाही. तेथे गावठाणाचा प्रश्न वेगळा आहे. पण वाडी किती जुनी आहे हा प्रश्न तेथेही विचारला जातो. शहरालगतच्या जमिनींचे भाव वाढत असताना वाडी ‘कालपरवा आली’ असे म्हणणे सोपे असते. नीट नोंदलेले चित्र त्या बोलण्यास उत्तर देऊ शकते.

छायाचित्रांचे फिरते प्रदर्शन हे अशा रीतीने मनोरंजनाचे किंवा केवळ प्रसिद्धीचे साधन राहत नाही. शासनाच्या जुन्या दप्तरात ज्यांची नोंद जमात म्हणून झाली, त्यांची नोंद व्यक्ती म्हणून करण्याचे ते काम आहे. त्यास मोठा निधी लागत नाही. लागते ती चिकाटी, विचारपूस आणि सांगणाऱ्याच्या शब्दाविषयी आदर. पाड्यावरील जी पिढी जुन्या चित्रांतील चेहरे ओळखू शकते ती आता वृद्ध झाली आहे. येत्या काही वर्षांत ही नावे विचारली गेली नाहीत तर पुढे चित्रे राहतील, पण त्यांतील माणसे कोण होती हे सांगणारे कोणी उरणार नाही. म्हणून हे काम पुढच्या योजनेची वाट न पाहता प्रत्येक शाळेने व प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील एका वाडीपासून सुरू करावे.